बाळाचं डोकं चपटं होऊ नये, त्याला मार लागू नये: खान्देशातल्या नव्या आईबापांसाठी

बाळ दोन महिन्यांचं होतं आणि एक दिवस अंघोळीनंतर ओल्या डोक्यावरून हात फिरवताना मागची एक बाजू सपाट लागते. मग घरात बोलणं सुरू होतं. कुणी राईची उशी शिवायला घेतं. कुणी न्हाऊ घालणाऱ्या बाईला डोकं दाबून गोल करायला सांगतं. कुणी म्हणतं, "काई नही व्हत, व्हई जाई बरोबर." यातलं शेवटचं पुष्कळदा खरं ठरतं, पण ते आपोआप खरं ठरत नाही, त्यासाठी रोज थोडं करावं लागतं. पहिली दोन मात्र करूच नयेत.

आमच्या मुलीचं डोकं उजवीकडे मागून बसलेलं होतं आणि मानही त्याच बाजूला वळलेली राहायची. आम्ही चोपडा तालुक्यातले. दवाखाने, व्यायाम, घरातल्या मोठ्यांची समजूत हे सगळं आमचं करून झालं आहे. त्यातून मला एकच गोष्ट पक्की कळली: बाळाच्या डोक्याला आपण हाताने आकार द्यायचा नसतो, ते कुठे टेकतं ती जागा बदलत राहायची असते. पुढचं बरंचसं त्यावरच आहे. उरलेलं पडण्याझडण्याबद्दल आहे, कारण ज्या डोक्याच्या आकाराची आपण इतकी काळजी करतो, तेच डोकं घेऊन आपण बाळाला मोटरसायकलच्या टाकीवर बसवतो.

१. आधी कारण समजून घ्या

जन्मावेळी कवटीची हाडं एकमेकांना पक्की जोडलेली नसतात. त्यांच्यामध्ये शिवणी असतात. पुढची टाळू साधारण वर्ष ते दीड वर्षात भरते, मागची छोटी टाळू दोन-तीन महिन्यांतच बुजते. जन्मताना डोक्याचा घेर ३४-३५ सेंटिमीटर असतो आणि वर्षाचं होईपर्यंत तो ४६ च्या आसपास जातो. यातली सगळ्यात वेगाची वाढ पहिल्या तीन-चार महिन्यांतली. तापीच्या वाळूतलं टरबूज ज्या अंगाने जमिनीला टेकून वाढतं, ते अंग चपटं राहतं. बाळाच्या डोक्याचंही तसंच होतं. टेकलेल्या बाजूला वाढायला जागा मिळत नाही, म्हणून वाढ दुसरीकडे सरकते. डॉक्टर याला प्लॅजिओसेफली म्हणतात.

हे फार सर्रास दिसतं. कॅनडातल्या कॅलगरी शहरात ७ ते १२ आठवड्यांची ४४० बाळं तपासली गेली. २०१३ साली त्याचे निष्कर्ष छापून आले, तेव्हा जवळपास निम्म्या बाळांचं डोकं कमीजास्त चपटं निघालं. त्यातल्या बहुतेकांचं सौम्य होतं आणि उजवी बाजू जास्त वेळा चपटी होती. मुदतीआधी जन्मलेली, जुळी आणि काचेच्या पेटीत बरेच दिवस राहिलेली बाळं यात जास्त सापडतात.

मेंदू दबेल, पोर मंद होईल, ही भीती मनातून काढून टाका. अशा चपटेपणामुळे मेंदूला इजा होत नाही. माझ्या ओळखीतली एक बाई याच भीतीने रात्ररात्र जागायची. तिला हे एवढं एक वाक्य वेळेवर कुणी सांगितलं असतं तर किती बरं झालं असतं.

२. तरीही बाळाला झोपवायचं उताणंच

सगळ्यात मोठा सापळा इथे आहे. डोकं चपटं होतंय म्हणून काही घरांत बाळाला पालथं किंवा कुशीवर झोपवायला लागतात. असं करू नका. झोपेत अचानक होणारे तान्ह्या बाळांचे मृत्यू पालथं झोपवल्याने वाढतात. १९९२ साली अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने बाळांना पालथं झोपवू नका असं सांगितलं. १९९४ पासून तिथे उताणं झोपवण्याची मोठी मोहीम चालली आणि असे मृत्यू निम्म्याहून खाली आले. त्याच काळात चपट्या डोक्यांची बाळं वाढली. पण चपटेपणावर उपाय आहे.

म्हणून रात्री असो की दुपारी, झोपताना बाळ उताणंच हवं, आणि अंथरूण सपाट व घट्ट हवं. आपल्याकडे जमिनीवर सतरंजी, तिच्यावर घडी केलेली गोधडी आणि वर मच्छरदाणी असं अंथरूण घालतात. त्यात काही वाईट नाही. "कडक जागेवर निजवलं म्हणून डोकं बसलं" हे खरं नाही. मऊ गादीवरही एकाच बाजूवर पडून राहिलं तरी बसतंच, आणि मऊ गादीत नाक दबायची भीती वेगळी. विंचवाकाट्याच्या दिवसांत अंथरूण झटकून घाला. मच्छरदाणीच्या कडा खाली खोचा.

झोळ पडून ढिली झालेली खाट तान्ह्या बाळाच्या झोपेसाठी नको. बाळ मधल्या खोलगट भागात घसरतं आणि मान दुमडते.

३. बाळ कुठे बघतं ते शोधा आणि अंथरुणाची दिशा बदला

बाळ भिंतीकडे बघत नाही. ते दाराकडे, उजेडाकडे, आईकडे बघतं. बाळंतिणीच्या खोलीत खाट एका भिंतीला लावलेली असते, आई ठरलेल्या बाजूला निजते आणि दिवाही तिकडेच असतो. मग बाळ सव्वा महिना त्याच बाजूला मान करून पडतं. ते झोपलं की हलक्या हाताने मान दुसरीकडे वळवा. पण पुष्कळ बाळं ती लगेच परत फिरवतात, म्हणून अंथरूणच फिरवायचं.

आज डोकं उत्तरेला, उद्या पाय उत्तरेला. (दक्षिणेला पाय नकोत असं घरात कुणी म्हणालं तर पूर्व-पश्चिम करा. हेतू एवढाच की आई आणि उजेड बाळाच्या दुसऱ्या हाताला आले पाहिजेत.) माहेरून सासरी येताना हे पुन्हा एकदा तपासून बघा, कारण खोली बदलते आणि बाळाची सवयही.

पाजताना दोन्ही बाजू आलटून पालटून घ्या. वरचं दूध असेल तर इथे हमखास चूक होते. आपला उजवा हात मोकळा हवा म्हणून बाळ कायम डाव्या हातावरच घेतलं जातं, आणि मग ते रोज एकाच दिशेला तोंड करून पितं. वाटी-चमच्याने पाजतानाही तसंच. एक वेळ या हातावर, पुढची वेळ त्या हातावर.

खुळखुळा, रंगीत चिंध्यांचं टांगतं, मोठ्या भावंडाची बसायची जागा, हे सगळं चपट्या बाजूच्या विरुद्ध अंगाला ठेवा.

४. जागं असताना पोटावर ठेवा

माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त गुण याचाच आला. बाळ जागं असताना, खूश असताना आणि आपण समोर असताना त्याला पालथं ठेवायचं. दवाखान्यातून घरी आलात की पहिल्या दिवसांपासून सुरू करता येतं. सुरुवातीला दिवसातून दोन-तीनदा, दरवेळी तीन ते पाच मिनिटं पुरे. सात आठवड्यांचं होईपर्यंत दिवसाकाठी सगळी मिळून १५ ते ३० मिनिटं व्हायला हवीत. पुढे ते स्वतःच कूस पालटायला लागलं की तुम्हाला फार काही करावं लागत नाही.

पहिल्या आठवड्यांत जमिनीवर ठेवलं की बाळ रडतं. तेव्हा आपण मागे रेलून बसा आणि त्याला छातीवर पालथं घ्या. मान उचलून ते आपल्या तोंडाकडे बघतं. नंतर मांडीवर आडवं घ्या. मग सतरंजीवर, छातीखाली एक छोटा पंचा गुंडाळून. दूध पाजल्या पाजल्या ठेवलं तर उलटी होते, म्हणून जरा वेळ जाऊ द्या. कपडे बदलले की दोन मिनिटं, अंघोळीआधी तेल लावताना पाठ वर करून तीन मिनिटं, असं कामाला जोडून घेतलं तर विसरायला होत नाही.

पालथं असताना डोळा लागला, तर तसंच राहू देऊ नका. उचलून उताणं करा.

आणि कडेवर, खांद्यावर जितकं घ्याल तितकं बरं. सातपुड्यातल्या बाया कामाला जाताना बाळ कापडात अंगाशी बांधून घेतात, तेवढा वेळ त्याच्या डोक्यावर कसलाच भार नसतो. "फार कडेवर घेऊ नको, सवय लागेल" हा सल्ला तीन महिन्यांच्या बाळाला लागू पडत नाही. अंगाशी बांधताना नाक-तोंड उघडं आणि हनुवटी छातीपासून सुटी आहे ना, एवढं बघा.

५. मालीश, टाळू आणि राईची उशी

मालीशला माझा विरोध नाही. तेलाचा हलका हात बाळाला आवडतो. पण न्हाऊ घालणाऱ्या मावशीला पहिल्याच दिवशी सांगा: डोकं दाबायचं नाही, कपाळ-नाक ओढायचं नाही, दोन तळव्यांत धरून गोल करायचं नाही. सासूबाईंच्या देखत सांगणं अवघड जातं हे मला माहीत आहे. आमच्याकडे डॉक्टरांनी फाईलवर लिहून दिलं होतं. तो कागद दाखवला की बोलणं सोपं झालं. तुम्हीही लिहून घ्या.

टाळूवर बोटाने थोडं तेल लावलं तर बिघडत नाही. ती "भरायची" म्हणून तेल ओतून दाबू नका, आणि नाकाकानांत तर तेल घालूच नका. टाळू आपल्या वेळेनेच भरते. उन्हाळ्यात जुलाब-उलट्यांत ती खोल गेलेली दिसली, तर बाळाच्या अंगातलं पाणी कमी झालंय असं समजा. वर काही थापत बसू नका, थेट दवाखाना गाठा.

प्रसूतीत डोकं लांबट झालेलं असतं किंवा वर सूज असते. लांबटपणा काही दिवसांत जातो. चिमट्याने किंवा व्हॅक्यूमने बाळंतपण झालं असेल तर कधी एका बाजूला मऊ गाठ राहते. तिला विरायला आठवडे लागतात, कधी दोन-तीन महिनेही. ती चोळून बसवायची नसते.

राईची उशी, मधोमध खळगा असलेली बाजारातली उशी, ऑनलाइन मिळणारी "डोकं गोल करणारी" उशी, या सगळ्यांना माझं उत्तर एकच आहे: नको. तान्ह्या बाळाच्या अंथरुणात कुठलीच उशी नसावी, तोंड त्यात रुतून श्वास कोंडू शकतो. अमेरिकेच्या अन्न आणि औषध प्रशासनाने नोव्हेंबर २०२२ मध्ये डोक्याला आकार देणाऱ्या उशा वापरू नका असा जाहीर इशारा दिला आहे. आजीने मायेने शिवलेली उशी असेल, तर तिच्यावर बाळ जागं असताना मांडीत फोटो काढा आणि कपाटात ठेवा. आजीचं मन मोडायची गरज नाही.

६. झोळी

कापूस वेचणीच्या दिवसांत शेताच्या बांधावर लिंबाच्या फांदीला झोळी बांधल्याशिवाय चालत नाही. घरात दुसरं कुणी नसतं, मजुरी बुडवता येत नाही. म्हणून झोळी बंद करा असं मी म्हणणार नाही. पण झोळीत बाळ धनुष्यासारखं वाकतं, हनुवटी छातीला लागते, मान हलवायला जागा राहत नाही आणि डोक्याची तीच बाजू दाबली जाते. तेव्हा एवढं पाळा. वरच्या बाजूला आडवी काठी घालून झोळी रुंद ठेवा. ती जमिनीपासून हातभरापेक्षा उंच नको, आणि खाली दगड-धोंडा नको. गाठ आणि फांदी रोज ओढून बघा. पाच-सहा वर्षांच्या ताईच्या हाती झोका सोपवून लांबच्या ओळीला वेचायला जाऊ नका. झोप लागली की सावलीत घोंगडीवर किंवा गोधडीवर सपाट निजवता आलं तर फार चांगलं, पण तिथे कुणाची तरी नजर हवी.

७. दर पंधरा दिवसांनी डोकं बघा

रोज बघितलं की फरक कळत नाही. केस ओले असताना एकाने बाळाला मांडीवर सरळ धरावं, दुसऱ्याने बरोबर वरून फोटो घ्यावा. नाक वर, दोन्ही कान दिसले पाहिजेत. मग एक फोटो मागून. मोबाइलमध्ये वेगळा अल्बम करा. डॉक्टरांना सांगायला याहून चांगलं काही नाही.

वरून बघताना सपाट बाजूचा कान जरा पुढे सरकलेला आणि त्याच बाजूचं कपाळ थोडं पुढे आलेलं दिसलं, तर ते बहुधा निजण्याच्या सवयीचं असतं. जिथे सपाट आहे तिथला कान *मागे* ओढलेला असेल, शिवणीवर हाडाचा कठीण उंचवटा लागत असेल, डोकं जन्मापासूनच वेगळ्या आकाराचं असेल, टाळू फार लवकर बुजली असेल किंवा घेर वाढायचा थांबला असेल, तर थांबू नका. शिवण वेळेआधी जुळण्याचा एक आजार असतो, क्रॅनिओसिनोस्टोसिस. साधारण दोन-अडीच हजार बाळांत एकाला होतो. त्याला दिशा बदलून उपयोग नसतो, शस्त्रक्रिया लागते आणि ती पहिल्या वर्षात करणं हिताचं असतं.

मानही तपासा. बाळ उताणं असताना खुळखुळा एका बाजूकडून दुसरीकडे न्या. एका दिशेला मान पूर्ण वळते आणि दुसऱ्या दिशेला अर्ध्यात अडते, किंवा डोकं कायम एका खांद्याकडे कललेलं असतं, तर मानेचा स्नायू आखडलेला असू शकतो. याला टॉर्टिकॉलिस म्हणतात. कधी मानेच्या बाजूला गोटीएवढी गाठही लागते. आमच्या मुलीचं मूळ कारण हेच निघालं. फिजिओथेरपिस्टने मान हळू ताणायचे व्यायाम समोर करून दाखवले आणि आमच्याकडून करून घेतले. हे मोबाइलवर बघून घरी करू नका, बाळाची मान आहे. शिकून घेतल्यावर मात्र नियम मोडू नका. दर लंगोट बदलताना केले तर सवय लागते.

८. कुणाकडे जायचं, काय न्यायचं

वेगळी फेरी मारायची गरज नसते. दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांच्या इंजेक्शनला जाताच. त्या प्रत्येक वेळी "डोकं आणि मान बघा" असं तोंडाने सांगा. तिथे गर्दी असते, आपण बोललो नाही तर राहून जातं. आशाताई बाळंतपणानंतर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी येतात, त्यांनाही दाखवा. अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा येतं. लहान मुलांच्या अशा तक्रारींसाठी जिल्ह्याच्या ठिकाणी 'डीईआयसी' नावाचं केंद्र असतं, त्याची चिठ्ठी या पथकाकडून मिळते. जळगाव आणि नंदुरबारच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत आणि धुळ्याला श्री भाऊसाहेब हिरे महाविद्यालयाच्या रुग्णालयात बालरोग विभाग आहे.

सोबत ठेवायचं:

- माता-बाल संरक्षण कार्ड
- बाळंतपणाचं डिस्चार्ज कार्ड (किती आठवड्यांचं बाळ, वजन, चिमटा-व्हॅक्यूम लागला का)
- वरून आणि मागून काढलेले फोटो, तारखेसह
- एका कागदावर: कोणत्या बाजूला जास्त बघतं, कोणत्या बाजूला पाजताना रडतं
- आईचं आणि बाळाचं असेल तर आधार, आणि रेशनकार्ड

"मोठं झालं की होईल" असं एका ठिकाणी आम्हालाही सांगितलं गेलं, मान हातात न घेताच. असं झालं तर नम्रपणे विचारा, "मान दोन्हीकडे सारखी वळते का, तेवढं बघता का?" दोन महिन्यांत दिशा बदलून फरक नसेल तर दाखवाच, आणि चार महिन्यांच्या पुढे तर ढकलूच नका.

डोक्याला आकार देणाऱ्या हेल्मेटबद्दल लोक विचारतात. ते चार महिन्यांनंतर आणि वर्षाच्या आत लावतात, दिवसातले २३ तास घालून ठेवावं लागतं, मोठ्या शहरातच बनवून मिळतं आणि खर्च फार असतो. आपल्या मे महिन्याच्या उन्हात त्याने किती घाम येईल ते तुम्हीच बघा. नेदरलँड्समध्ये मध्यम ते जास्त चपटेपणाच्या ८४ बाळांवर अभ्यास झाला. २०१४ साली छापून आलेल्या त्या निष्कर्षात हेल्मेट घातलेल्या आणि न घातलेल्या बाळांत दोन वर्षांच्या वयाला फरक दिसला नाही. फार तीव्र विद्रूपता असेल तर डॉक्टर वेगळा निर्णय घेतील, पण जाहिरात बघून कर्ज काढू नका.

९. घरात आणि शेतात पडण्याच्या जागा

तान्ही बाळं सगळ्यात जास्त पडतात ती खाटेवरून. "अजून पालथं पडत नाही" म्हणून ठेवलं जातं आणि त्याच दिवशी ते पहिल्यांदा पालटतं. दोन्ही बाजूंना उशा लावणं हा उपाय नाही, जमिनीवर निजवा.

पत्र्याच्या आणि जुन्या धाब्याच्या घरांत छत ठेंगणं असतं. पंख्याखाली बाळाला वर उडवून झेलू नका, आत्या-मामा कितीही हौसेने करोत. रडतं म्हणून गदागदा हलवूही नका. बाहेर एक ओरखडा नसतो आणि आत मेंदूत रक्तस्राव होतो. फार चिडचिड झाली तर बाळाला अंथरुणावर उताणं ठेवा, दोन मिनिटं ओसरीवर जाऊन या, कुणाला तरी हाक मारा.

एप्रिल-मेमध्ये भुसावळ-जळगावकडे पारा ४५ च्या आसपास जातो आणि सगळं घर गच्चीवर झोपायला जातं. जुन्या धाब्याला कठडा नसतोच, उजेडासाठी ठेवलेला झरोका उघडा असतो. रांगणारं पोर असेल तर त्या वर्षी आईने पोरासह अंगणात झोपावं. गच्चीवर जायचंच असेल तर जिन्याचं दार लावून, पोराला मधे घेऊन, कडेपासून लांब.

आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) झाडाला मोठे झोके बांधतात. मोठ्या मुली उभ्याने झोका चढवतात तेव्हा दीड-दोन वर्षांचं पोर पळत समोर जातं आणि पाटाची कड थेट कपाळावर बसते. झोक्याच्या पुढेमागे दोराने किंवा फक्कीच्या रेघेने हद्द आखून द्या आणि त्या रेघेवर एक मोठं माणूस बसवा. ट्रॅक्टरच्या मडगार्डवर मूल बसवू नका, कुणीही, कितीही जवळच्या शेतात जात असलं तरी. चाकाचं वॉकरही घेऊ नका. उंबऱ्यावर आणि पायरीवर ते उलटतं, आणि कॅनडात २००४ पासून त्याच्या विक्रीवर बंदी आहे.

१०. मोटरसायकल

सप्तशृंगी गडाला, सारंगखेड्याच्या यात्रेला, लग्नाला, सगळीकडे आपण मोटरसायकलवर जातो. टाकीवर एक पोर, मागे आईच्या मांडीत दुसरं. यासाठी केंद्राचा नियम आहे, १५ फेब्रुवारी २०२२ ला निघालेला आणि वर्षभराने लागू झालेला. नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलाला डोक्याला बरोबर बसणारं हेल्मेट हवं, चालवणाऱ्याशी बांधणारा पट्ट्यांचा हार्नेस हवा आणि गाडी ताशी ४० किलोमीटरच्या वर नको. या वयाला प्रमाणित सायकल हेल्मेटही चालतं. चार वर्षांच्या पुढे पूर्ण हेल्मेट, आयएसआय खूण असलेलं, आयएस ४१५१ असं छापलेलं.

नऊ महिन्यांच्या आतल्या बाळाची मान हेल्मेटचं वजन पेलत नाही, म्हणून त्याला मोटरसायकलवर नेऊच नका. एसटीने जा, रिक्षा करा.

हेल्मेट घेताना मुलाला दुकानात सोबत न्या. कडा भुवईच्या दोन बोटं वर, पट्टे कानाभोवती, हनुवटीखाली एकच बोट जाईल इतकं घट्ट. "पुढच्या वर्षीही होईल" म्हणून मोठं घेतलं तर पडताना ते डोक्यावरून सरकतं. एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट टाकून द्या. आणि उतरल्यावर लगेच काढा. ते घालून मूल झोक्यावर किंवा झाडावर गेलं तर पट्टा अडकून गळफास बसू शकतो.

११. मार लागलाच तर

आधी मूल रडतंय का, ओळखतंय का ते बघा. टेंगूळ आलं तर कापडात बर्फ गुंडाळून थोडा थोडा वेळ धरा, चोळू नका, चुना-हळद थापू नका. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी घालू नका, कांदा हुंगवत बसू नका. मानेला मार असल्याची शंका असेल तर मान हलवू न देता १०८ ला फोन करा.

पुढच्यातलं एकही दिसलं तर थेट मोठ्या रुग्णालयात, जिथे सीटी स्कॅन होतं:

- क्षणभर का होईना शुद्ध गेली, किंवा झटका आला
- पुन्हा पुन्हा उलटी
- उठवलं तरी नीट जागं होत नाही, किंवा समजूत घालूनही रडं थांबत नाही
- नाकाकानातून रक्त किंवा पाण्यासारखं काही येतं
- टाळू फुगलेली, बुबुळं लहानमोठी, एक हातपाय कमी हलतो
- दोन वर्षांच्या आतल्या मुलाच्या डोक्याच्या मागे किंवा बाजूला मऊ, पिलपिलीत सूज
- दोन वर्षांच्या आतलं मूल तीन फुटांपेक्षा, मोठं मूल पाच फुटांपेक्षा उंचावरून पडलं, किंवा गाडीचा अपघात

तीन महिन्यांच्या आतलं बाळ पडलं तर यातलं काहीही नसलं तरी दाखवा.

सगळं ठीक वाटत असेल तर घरी दोन दिवस लक्ष ठेवा. झोपू द्यायला हरकत नाही. "झोपू देऊ नका" म्हणून दमलेल्या मुलाला रात्रभर जागवू नका. रात्रीतून एक-दोनदा हलकेच उठवा, कुस बदलते का, आईला ओळखते का बघा. दवाखान्यात गेलात तर चार गोष्टी घड्याळासकट सांगा: किती वाजता पडलं, किती उंचावरून, कशावर आपटलं, आणि लगेच रडलं की काही वेळ गप्प होतं. कुणाच्या हातून पडलं हे सांगताना काहीही लपवू नका. डॉक्टर त्यावरच स्कॅन करायचं की नाही ते ठरवतात.